नाताळपर्यंत थांबलेलं नवं

नोकरीवर हजर व्हायला मी पहिल्यांदा पुण्याला निघालो, तेव्हा आमचा धान अजून बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उभा होता. बाबांनी कोपऱ्यातला चार हात तुकडा आधीच कापला. आईने त्यातला धान ओलसरच कांडला आणि दुपारी नव्या तांदळाचा भात माझ्यापुढे ठेवला. अगदी गिचका झाला होता. "नवं खाल्ल्याबिना घरचा माणूस बाहेर नाही जात," ती म्हणाली. वरठी स्टेशनवर सोडायला बाबा आले. गाडी हलली तशी खिडकीशी चालत म्हणाले, "तिकडं भात वाटीनं मोजून देतात म्हणे. लाजू नको, दुसऱ्यांदा माग."

आमच्या घरी नवं खाणं म्हणजे मोठा सोहळा नव्हे. नव्या तांदळाचा पहिला घास चुलीला द्यायचा आणि मग त्या चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं. एकही जण बाहेरगावी असेल तर नवं थांबतं. तोवर जुनाच तांदूळ शिजवायचा.

हे पूर्वी दिवाळीच्या आसपास उरकत असे. पुढे माझं लग्न झालं, मुलगी इंग्रजी शाळेत गेली, आणि तिच्या शाळेला सलग सुट्टी मिळायची ती नाताळात. दिवाळीत रिझर्व्हेशन मिळत नसे आणि ऑफिसात माझं काम तुंबलेलं असे. म्हणून आमचं नवं सरकत सरकत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलं. शेजारच्या काकू आईला चिडवायच्या, "काहून वो बाई, येशूच्या वाढदिवसाले नवं खाता का तुमी?" आई म्हणायची, "ज्या देवानं माह्या पोराले सुट्टी देल्ली, त्याच्या नावानं खातो."

आम्ही गेलो की अंगणात शेकोटी पेटायची, वहिनी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा मीठ घालून उकडायची, आणि दुसऱ्या दिवशी नवं. बाबा गेल्यावरही हा क्रम मोडला नाही.

पुण्यातला आमचा डिसेंबर वेगळा. सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये चांदण्या टांगलेल्या असतात, ऑफिसात सिक्रेट सँटा असतो. मी हिशेब खात्यात आहे, त्यामुळे वर्गणी माझ्याकडेच जमते. प्लम केक मला आवडतो, खोटं कशाला सांगू. आणि कोपऱ्यावरचा किराणावाला मला दरवेळी सांगतो, "साहेब, नवा तांदूळ नेऊ नका, चिकट होतो. जुना घ्या." मी जुनाच घेतो.

यंदा मुलगी दहावीला. सुट्टीत जादा क्लास, जानेवारीत प्रीलिम. जाणं जमणार नव्हतं. मी बसून विचार केला. घरचा जुना तांदूळ दिवाळीच्या सुमारास संपतो आणि मग आई कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा, भात खाते. आमच्यासाठी थांबायचं म्हणजे घरात नव्या तांदळाच्या थप्प्या असताना तिने दीड महिना तोच खायचा, आणि यंदा तर त्याहून जास्त. गणित सरळ होतं. मी दिवाळीतच फोन लावला आणि म्हणालो, "आई, आमची वाट पाहू नको. तुम्ही नवं खाऊन घ्या. आम्ही इकडे आमचं खाऊ."

 ती म्हणाली, "बरं."

मला वाटलं, चांगलं काम झालं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, घर तीच चालवते. "भाऊजी, वेगळं व्हायचं होतं तं घरी येऊन सांगाचं. फोनवर सांगते का कोणी?"

"वेगळं? कोण वेगळं झालं?"

"तुमीच तं म्हणले, आमचं आमी खाऊ. नवं वेगळं म्हणजे चूल वेगळी. इसरले का पुण्यात?"

खरंच विसरलो होतो. चुलत काका वेगळे झाले त्या वर्षी आधी शेत वाटलं गेलं नव्हतं, भांडी वाटली गेली नव्हती. आधी चुलत काकूंनी नवं वेगळं शिजवलं होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी त्याच संध्याकाळी एकटा निघालो. सकाळी वरठीला उतरलो, धुकं होतं, भाऊ मोटारसायकल घेऊन आला. वाटेत एवढंच म्हणाला, "काही बोलू नको तिले. जेव फक्त."

आईने मला पाय धुवायला पाणी दिलं. आजवर ते ती पाहुण्यांना द्यायची. मग जेवायला वाढलं, भात नवाच होता, मऊ आणि गोडसर. मी म्हणालो, "आई, तुला कंट्रोलचा भात खावा लागू नये म्हणून म्हणालो गं."

"मले समजलं ना," ती म्हणाली. "तू म्हणला म्हणून खाल्लं, पण नाताळापर्यंत थांबून. सारे जेवले." वरण वाढत म्हणाली, "तुमची तीन पानं मांडली होती. मंग वहिनीनं उचलली."

मी दुसऱ्यांदा भात मागितला. तिने वाढला. 

दुसऱ्या दिवशी निघताना मी तिला विचारलं, "पुढच्या वर्षी थांबशील?"

"थांबीन ना," ती म्हणाली. "तारीख सांग."

कोणाचं बिल कधी निघेल हे मी ऑफिसात तारखेसकट सांगतो. इथे मी मनातल्या मनात मुलीचं अकरावीचं वर्ष, प्रवेश परीक्षेचा क्लास, बायकोची रजा, मार्चची गडबड असं सगळं लावून पाहिलं. भाऊ बाहेर हॉर्न वाजवत होता.

"कळवतो," मी म्हणालो.

गाव सोडलेल्या माणसांनो, घर म्हणजे जिथे आपली वाट पाहतात ती जागा, असं आपण एकमेकांना सांगत आलो. ते सांगताना वाट पाहणारा तोवर काय खातो, याचा विचार मी केला नव्हता. आणि केला तेव्हा त्याला थांबू नको म्हणून सांगितलं, पण मी लवकर येतो असं म्हणालो नाही. आई अजून दर रविवारी फोनवर तब्येत विचारते, मुलीचा अभ्यास विचारते. तारीख मात्र तिने पुन्हा विचारलेली नाही.