कुलरमधली बेडकं

पोरानं पुण्यात मोठा फ्लॅट घेतला आणि फोनवर बापाला म्हणाला, "बाबा, दिवाळीनंतर तुम्ही दोघं इकडंच या, कायमचे." बाप म्हणाला, "हव, येतो." झालं! बाभुळगावातला आमचा सगळा संसार एका 'हव'मध्ये आटोपला. मी तिथंच बसून तुरीची डाळ निवडत होते. मला कोणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. बोलले असते तर दोघंही म्हणाले असते, पोरगा एवढ्या मायेनं बोलावतो आणि हिचं आपलं भलतंच. गप्प बसले, पण जीव असा कासावीस झाला की खडे सुपात राहिले आणि डाळ केरात गेली.

मग घरातलं सामान एकेक करून निघायला लागलं. ऑगस्टात पाळी आली कुलरची. आमचा जुना लोखंडी कुलर मागच्या खिडकीला उन्हाळ्यानंतरही तसाच होता. तो काढायचा म्हणजे गल्लीतली माणसं गोळा करा, म्हणून पावसाळाभर तिथंच भिजत राहायचा. भंगारवाल्याला बोलावून ह्यांनी मागची जाळी काढली आणि ओरडले, "अवं, कुलरात साबण कोनं टाकला?"

जाऊन पाहते तर आतल्या पत्र्याला, टाकीतल्या पाण्याच्या जरा वर, मुठीएवढा पांढरा फेस चिकटलेला. वरच्या कोपऱ्यात एक झाडबेडूक पाय पोटाशी घेऊन बसलेलं. मोरीत नळामागं बसतं, संध्याकाळी टक्-टक् करतं, तेच. माझं माहेर फुलसावंगीचं. तिथं विहिरीच्या काठाला असा फेस दर पावसाळ्यात दिसायचा. "साबण नाही तो," मी म्हटलं, "अंडी आहेत. यातूनच पिल्लं खाली पाण्यात पडतात."

"मग धुऊन टाकतो."

"हात तर लावून पाहा!"

एवढ्या जोरात बोलले की भंगारवाला फाटकातच थांबला. "पिल्लं मोठी होईपर्यंत कुलर इथून हलणार नाही," मी सांगून टाकलं. खरं सांगते, तेव्हा मला त्या बेडकांचं काही पडलेलं नव्हतं. घरातली निदान एक वस्तू तरी जाऊ द्यायची नव्हती, एवढंच.

चारेक दिवसांत फेस खाली गळाला आणि टाकीत काळी काळी पिल्लं वळवळायला लागली. मी पालक उकडून, चुरून टाकायची. हे आधी लांबून पाहायचे. हे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. रिटायर झाल्यापासून हाताला काम नाही, त्यामुळं दिवसभर तक्रारी, माझ्या भाजीत मीठ कमी आणि पंखा जास्त वेगात. एका सकाळी चहा घेऊन हे कुलरपाशी गेले आणि तिथूनच हाक मारली, "अवं, पाय फुटून राह्यले वो पोट्ट्याईले!" बाप्पा, तो आवाज! पोराचं पहिलं पाऊल पडलं तेव्हाही हे इतके ओरडले नव्हते.

पाय फुटल्यावर पिल्लं पाण्याबाहेर येणार आणि बाहेर पाली टपलेल्या. मग ह्यांनी गल्लीतल्या चौघांच्या मदतीनं कुलर खाली उतरवून मागच्या वऱ्हांड्यात ठेवला आणि कामाला लागले. पंप काढला. गंजलेल्या जाळ्या काढून तिन्ही बाजूंना मच्छरदाणीचं बारीक कापड ताणून बसवलं. टाकीत पाणी थोडंच ठेवलं, एका बाजूला विटा आणि माती रचून उतरता काठ केला, पेरूची फांदी तिरपी लावली, मनीप्लांटची कुंडी ठेवली. नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास येतो, म्हणून ते आदल्या दिवशीच बादलीत भरून ठेवायचं. कोपऱ्यात मी एक पिकून काळं पडलेलं केळं ठेवलं. त्यावर चिलटं जमायची, तीच पिल्लांची भाकर. शेजारीण येऊन पाहून गेली आणि म्हणाली, "सुनबाई नाही आली तर बेडकं नांदवून राह्यल्या का?" मी म्हटलं, "हव, ही उलटून बोलत नाहीत."

ऑक्टोबरात ऊन कडक झालं. पिल्लं नखाएवढी, कुणाकुणाला शेपटीचा तुकडा अजून चिकटलेला. ह्यांना वाटलं, उकडत असेल बिचाऱ्यांना. कुलर म्हटल्यावर पंखा आलाच! मला न सांगता एक छोटा पंखा लावून दिला. जेवण करून मी पाहते तर सगळी पिल्लं कुंडीच्या बुडाशी एकमेकांना चिकटून बसलेली, अंगाची चमक गेलेली आणि दोन जाळीवरच वाळून मेलेली. मी आधी पंखा बंद केला.

"आपल्याले वारा बरा वाटते, यांचं अंग वाळते त्यानं," मी म्हटलं. "ओल पाहिजे यांना, वारा नको."

"जिंदगीभर मशिनी थंड केल्या," हे म्हणाले. "मले वाटलं, तसंच असंन." त्या दिवशी ह्यांनी चहाही घेतला नाही. नंतर इस्त्रीची पाण्याची बाटली आणली आणि सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारायला लागले. मला मात्र त्या बाटलीला हात लावू देत नव्हते.

मधल्या काळात पोराचे फोन चालूच होते. मी प्रत्येक वेळी ह्यांच्यापुढं नवीन काहीतरी काढायची आणि हे पोराला नुसतं 'थांब जरा' म्हणायचे. शेपटी गळू दे. नीट उड्या मारू दे. दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, आणि पोरानं सरळ विचारलं, "बाबा, ट्रक कधी पाठवू?"

ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला होता. कुलरकडे पाहत म्हणाले, "अरे, ही बेडकं अजून लहान आहेत. थंडी सरू दे."

पोरगा हसला. "बेडकांसाठी थांबलात? नाल्यावर सोडून द्या ना बाबा."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला कळलं की बेडकं ही माझी सबब आहे, हे ह्यांनी ओळखलंय. इतके दिवस माझी सबब माझ्याच तोंडी बरी वाटत होती. ह्यांच्या तोंडून ऐकली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्या मुक्या जिवांचं नाव कायले पुढं करता?" मी म्हटलं. "माझं नाव सांगा. सांगा त्याले, तुझ्या आईले यायचं नाही."

मी फोन हातात घेतला. "बाबू, मले नाही यायचं. बेडकं मोठी झाली, गेली, तरी नाही. भेटायले येईन, महिनाभर राहीन, पण हे घर सोडून नाही."

तो म्हणाला, "आई, आधी काहून नाही सांगितलं?"

"तू बापाले विचारलं. बापानं हव म्हटलं. मले कोणी विचारलं?"

तो म्हणाला, "चुकलंच. राहा मग तिथंच." फोन ठेवून पदरानं डोळे पुसत मी ह्यांच्याकडे वळले. आता ह्यांची पाळी, चांगलं सुनावायचं ठरवून.

हे बाटली हातात घेऊन कुलरसमोर बसले होते. वर न पाहता म्हणाले, "मलेही नव्हतं जायचं. पोरगा इतक्या मायेनं बोलला, नाही कसं म्हनू? तवा वाटलं, तुले जायचं असंन. तू तरी मले कुठं विचारलं?"