कंपालातली दाण्याची आमटी

मुलगा नोकरीला कंपालाला. वर्षभर त्याने "आई, ये की" असं टुमणं लावलं, तेव्हा मी, उंब्रजची रिटायर्ड मास्तरीण, पिशवीत चटणी-मेतकूट कोंबून निघाले. युगांडा म्हणजे सिंह, अशी माझी समजूत. दिसले ते कचऱ्याच्या ढिगावर छाती काढून उभे असलेले माणसाएवढाले करकोचे. थेट पंचायत समितीचे सभापती!

शहर नुसतं वाढत सुटलंय. काचेच्या इमारती, त्यांच्या डोक्यावर क्रेन आणि मधल्या फटीतून घुसणाऱ्या बोडा-बोडा (भाड्याच्या मोटारसायकली). एकदा मीही बसले. उतरेपर्यंत मारुतीरायाचा धावा चालू होता.

मुलाच्या घरी स्वयंपाकाला नाकातो यायची. दोन पोरं एकटीने वाढवणारी, हसरी बाई. मला 'जजा' (आजी) म्हणायची. एका रविवारी तिने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. त्याच काचेच्या इमारतींमागे उतार उतरलो की तिची वस्ती. पत्र्याची खोली, दारातून वाहणारं गटार, नळावर पिवळ्या कॅनची रांग. खुर्ची एकच, ती मला. शेजारणी दारात जमल्या.

नाकातोने गुडघे टेकून (मोठ्यांना इथे असंच वाढतात) ताट पुढे केलं. मटोके (उकडून ठेचलेली कच्ची केळी) आणि वर चक्क दाण्याची आमटी! तोंडाला पाणी सुटलं. पण आपली रीत आडवी आली ना! "नको गं, पोट भरलंय," मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले आणि आग्रहाची वाट बघत बसले.

आग्रह कसला! तिचा चेहरा पडला. तिने ताट उचललं. दारातली शेजारीण काहीतरी बोलून हसली. मुलाला तिथली भाषा येते. तो कानात म्हणाला, "ती म्हणतेय, तुझ्या हातचं खातात, तुझ्या घरात नाही."

मेल्याहून मेले. उठून नाकातोच्या हातातलं ताट ओढलं. "खोटं बोलले गं, सपाटून भूक लागलीय!" जमिनीवर मांडी घालून खाल्लं, वर आमटी मागून घेतली. ती आधी बघत राहिली, मग खदखदून हसली. माझ्या जिवात जीव आला.

उंब्रजला परतल्यावर ही हकिगत तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगत सुटले. सांगता सांगता एक दिवस जीभच अडखळली. वीस वर्षं माझी धुणीभांडी करणारी हौसाबाई मागच्याच गल्लीत राहते, आणि मी तिच्या दारात कधी पाऊल टाकलेलं नाही.

त्याच दुपारी गेले. मला बघून ती भाकरीच्या पिठाचे हात घेऊन तशीच उठली. घाबरलीच बिचारी.

"आवं बाई, काय चुकलं व्हय माजं? कामावनं काढताय का?"