शेवटची सोंगटी
बोरिक पावडरचा वास आला की मला नंदाखाल गावातल्या वाडीतला तो कॅरमबोर्ड आठवतो. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये, एव्हरशाईन सिटीत, मला हरवणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून कॉलेजात असताना एका रविवारी मी मुद्दाम तिथे खेळायला गेले. समोर केळीच्या चिकाने बोटं काळी पडलेला एक म्हातारा बागायतदार बसला. त्याची एकच सोंगटी उरली, तीही पॉकेटच्या तोंडाशी, तेव्हा माझ्या सात बाकी होत्या. ती त्याने घेतलीच नाही. दर खेपेला स्ट्रायकर नुसता सरकवायचा आणि म्हणायचा, "खेळ, पोरी." माझे सोपे फटकेही चुकले, मागे उभे असलेले सगळे हसले. शेवटी कंटाळून त्याने ती सोंगटी घेतली. "आजोबा, माझं काय चुकलं?" मी विचारलं. "तू खेळलीस कुठं, चुकायला?" म्हणत त्याने फडकं माझ्या अंगावर टाकलं, कारण हरलेल्याने पुढच्या जोडीसाठी बोर्ड पुसून पावडर मारायची, अशी तिथली पद्धत होती. पुढची दोन वर्षं दर रविवारी मी तो बोर्ड पुसला. काल शेजारच्या बिल्डिंगमधली एक मुलगी माझ्याशी खेळायला आली. तिच्याकडे तिला कोणी हरवत नाही म्हणे. माझी शेवटची सोंगटी मी कितीतरी वेळ पॉकेटच्या तोंडाशी ठेवली. "आंटी, माझं काय चुकलं?" तिने डोळे पुसत विचारलं. ती फटका मारायच्या आधीच नजर उचलते, हे मला पहिल्याच डावात दिसलं होतं. मी तिच्या हातात फडकं दिलं.