धानाच्या पोत्यांजवळ ठेवलेली गाडी

सर्वांस नमस्कार. आज आमच्या सौभाग्यवतींना डोळ्याची पट्टी काढण्यासाठी मोहाडीहून भंडाऱ्यास न्यायचे होते. निघताना गाडी थरथरू लागली. इंजिन मिसिंग करीत होते, म्हणजे मधूनमधून ठोका चुकवीत होते.

"मेकॅनिकले बलावा," सौ. म्हणाल्या.

मी नकार दिला. जन्मभर इंजिने मीच उघडली आहेत. इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर काढून पाहिली. बाकीच्या काढताच इंजिन आणखी अडखळे; तिसरी काढली तेव्हा मात्र आवाज बदलला नाही. अर्थात तेच सिलिंडर बंद होते. प्लग पुसला, नंतर बदललाही. थरथर कायम.

"डाक्टर का तुमच्या प्लगसाठी थांबून राहील?"

मग पट्टी नसलेल्या एका डोळ्याने वाकून पाहत म्हणाल्या, "अवो, इंजिनावर धानाचा कोंडा कायचा?"

उंदराने तेथे घर करून तीच वायर खालून कुरतडली होती. बाहेर धूळ बसते म्हणून गाडी धानाच्या पोत्यांशेजारी मीच लावतो.

नवी वायर बसवताच इंजिन एका सुरात चालू लागले. तोवर दवाखान्याची वेळ टळली होती.

"उद्या मी बसनंच जाईन," एवढेच बोलून त्या आत गेल्या.

गाडी आता अंगणात काढून ठेवली आहे. उद्या त्यांनी गाडीतच बसावे, यासाठी काय बोलावे, हे कोणी सुचवाल काय?