खोलीची चौकशी

लातुरात ज्याच्या घरी बारमाही पाणी आहे, त्याला खोली भाड्याने देण्याची पाटी लावावी लागत नाही. म्हणूनच त्या दिवशी एक बाप पोरीची लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन त्या घरातून बाहेर पडला आणि मी कारण विचारल्यावर "पाण्याची अडचण हाय" म्हणाला, तेव्हा मी जागीच थबकले. अंगणात बोअरच्या पाइपातून पाणी धो धो वाहत होतं. घरमालक त्याच पाण्याने मोटरसायकल धूत होते. बापाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पोरीने तर कुणाकडेच पाहिलं नाही.

मी तिथे भाचीसाठी खोली बघायला गेले होते. भाची म्हणजे हदगावला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. दहावीला चांगले मार्क पडले, म्हणून तिला डॉक्टर करायचं ठरलं, आणि डॉक्टर करायचं म्हणजे लातूर, यावर आमच्याकडे दुमत नसतं. मी लातुरातच शाळेत शिकवत होते, पण माझं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या वर्षांत क्लासच्या भागात ज्याला त्याला घरावर मजले चढवायचं वेड लागलं होतं. या घराचेही तीन मजले झाले होते. वर सगळ्या मुली, खाली मालक आणि मालकीणबाई. मुली मालकांना मामा म्हणायच्या. माणूस पन्नाशीपुढचा, तोंडात साखर, मूळचा किल्लारीकडचा. भूकंपानंतर गाव सोडून आलेला.

"ताई, पाणी आहे, क्लास पायी जाण्यासारखा, माणूस आपल्याकडचा. आणखी काय पाहिजे तुला?" बहीण फोनवर म्हणाली. "तू माणसाकडेसुद्धा उत्तरपत्रिकेसारखी बघतेस." रविवारी ती पोरीला घेऊन येणार होती.

मला तिचा राग आला नाही, आमच्या सगळ्यांच्या रीतीचा आला. मुलीची सोयरीक करायची म्हटलं की आम्ही नवऱ्या मुलाच्या गावात जाऊन चार दारं ठोठावतो. पितो का, घरात कोण कसं बोलतं, आजा कशाने गेला, सगळं काढतो. पण सोळा वर्षांची तीच मुलगी दोन वर्षांसाठी परक्याच्या घरात ठेवताना विचारतो काय, तर मेस बरी आहे का.

मी कुठेतरी वाचलं होतं की परदेशात लहान मुलांशी वाईट वागून शिक्षा झालेल्यांची यादी कुणालाही बघता येते. आपल्या भागाचं नाव टाकायचं, की ती माणसं कुठे राहतात ते दिसतं. मी सरळ पोलीस ठाण्यात गेले. तिथले हवालदार बऱ्या स्वभावाचे होते. ते म्हणाले, "मॅडम, यादी आपल्याकडं पण आहे, पण ती पोलिसांनी बघायची. आणि यादीत नाव यायला शिक्षा व्हावी लागते, शिक्षेला खटला लागतो, खटल्याला तक्रार लागते. तक्रार करतंय कोण?" ओळखीच्या वकिलांनी कोर्टाच्या संकेतस्थळावर मालकांचं नाव शोधून पाहिलं. काही नव्हतं. साधा बांधाच्या भांडणाचा दावासुद्धा नव्हता, आणि आमच्या भागात तेवढं तरी असतंच. जीव भांड्यात पडला. पण रात्री नळाला पाणी आलं आणि मला पुन्हा तो बाप आठवला.

शेवटी मी सोयरिकीची रीत धरली. एसटीने किल्लारी, तिथून जीपने त्यांचं गाव.

भूकंपानंतर बांधलेलं गाव. रस्ते सरळ, घरं एकासारखी एक, आणि अंतर इतकं की शेजारणीला हाक मारायची तर ओरडावं लागतं. चहाच्या हॉटेलात टोपीवाले एक म्हातारे बसले होते. त्यांना म्हटलं, "मुलीचा प्रश्न आहे, एका घरची चौकशी करायचीय." मालकांना लग्नाचा मुलगा होता, त्यामुळे म्हाताऱ्यांनी जे समजायचं ते समजलं.

"माणूस सोनं हाय," म्हातारे म्हणाले. "लेकरांच्या शिक्षणापायी गाव सोडलं."

पिठाच्या गिरणीवरची बाई म्हणाली, माणूस सोनं हाय, लेकरांच्या शिक्षणापायी गाव सोडलं. देवळापाशी बसलेला विशीतला पोरगाही तेच म्हणाला. तो तर भूकंपाच्या वेळी जन्मलाही नव्हता. माझी उभी हयात वर्गात गेलेली. पाठ केलेलं उत्तर मला दुसऱ्या शब्दाला कळतं.

गावाच्या कडेला एक म्हातारी अंगणात पेरणीसाठी सोयाबीन पाखडत होती. ऊन फार झालं होतं, मी पाणी मागितलं. प्यायले आणि का कोण जाणे, खरं बोलले. "सोयरीक नाही हो मावशी. माझी भाची त्यांच्या घरी राहायला जाणार आहे. पुष्कळ मुली राहतात तिथे."

म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं.

"त्यो पोरी ठिवतो घरात?"

तिने आत हाक मारली. तिची लेक पेरणीच्या दिवसांत मदतीला माहेरी आली होती. पस्तिशीची असावी, केसांत भुसा, हात पदराला पुसत ती बाहेर आली. आईने दोन वाक्यांत सांगितलं. ती माझ्याशेजारी बसली आणि समोर बघत बोलली.

"भूकंपाच्या साली आमी पत्र्याच्या शेडात होतो. शेजारचं शेड त्याचं. मी अकरा वर्साची. आई भावाला घिऊन दवाखान्यात गेलती." एवढंच ती बोलली. मला ते पुरे झालं.

पुढचं तिच्या आईने सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावाची बैठक बसली. अजून ढिगारेही उपसून झाले नव्हते. त्याला सांगितलं, बायकोलेकरं घे आणि चालता हो, परत पाऊल ठेवलंस तर खैर नाही. ठाण्यात कुणी गेलं नाही, कारण बोभाटा झाला तर या पोरीला कोण करून घेणार? म्हणून ठरलं की यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. आणि तो गाव सोडून का गेला असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरलं.

नव्या गावात कुणाचं घर कुठल्या ओळीत यावरून या लोकांनी एकमेकांची डोकी फोडली होती, हे मी स्वतः ऐकलेलं. भाऊ भावाशी बोलत नव्हते. पण तिला बघायला आलेले पाहुणे गावभर चौकशी करत हिंडले, तेव्हा एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. भांडलेल्यांच्या नाही, दारू प्यायलेल्यांच्या नाही. आपल्या पोरांनाही त्यांनी ते वाक्य शिकवलं, कशासाठी हे न सांगता. तिचं लग्न झालं, संसार झाला. एका पोरीसाठी अख्खं गाव इतकी वर्षं गप्प राहिलं, इतकी मोठी गोष्ट मी माझ्या आयुष्यात पाहिलेली नाही. आणि त्याच गप्प राहण्याने तो माणूस धुतल्यासारखा स्वच्छ होऊन माझ्या शहरात तीन मजले बांधून बसला होता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. मला रडू येत होतं आणि कुणावर चिडावं ते कळत नव्हतं.

"घाण गावाबाहेर टाकली म्हनून आमी निवांत झालो," म्हातारी म्हणाली. "तुमच्या दारात पडली व्हय."

लेक उठली. "रविवारी मी येते लातूरला."

"सासरी कळलं म्हंजे?" आई म्हणाली.

"त्या पोरींस्नी कोन सांगनार मग? ह्या बाईंनी सांगितलं तर ते ऐकीव."

रविवारी पालक डबे घेऊन भेटायला येतात. अंगण भरलेलं होतं. मी खोलीला अजून हो म्हटलं नव्हतं म्हणून बहीण माझ्यावर रुसून भाचीचा हात धरून उभी होती, तिला अजून काही माहीत नव्हतं. किल्लारीकडच्या मायलेकी फाटकातून आत आल्या. मालक पाइप धरून झाडांना पाणी घालत होते.

"मामा म्हनत्यात व्हय तुमाला?" लेक म्हणाली. "मला वळखलं का?"

"कोण आपण?" ते म्हणाले, पण पाइप हातातून सुटला.

मग ती मुलींकडे वळली आणि मला जे सांगितलं होतं तेच, तेवढ्याच शब्दांत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. पाणी वाहत राहिलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी पेटी ओढल्याचा आवाज आला, मग दुसरी. माझ्या बहिणीने भाचीला पोटाशी धरलं.

संध्याकाळी आम्ही ठाण्यात होतो. तेच हवालदार. त्यांनी तिला सांगितलं, ताई, तुमचं नाव कायद्याने बाहेर येणार नाही. मीही ते इथे घेत नाही. तिने मात्र ते सासरच्या आडनावासकट मोठ्याने सांगितलं. "इतक्या वर्षांपूर्वीचं आहे," हवालदार हळूच म्हणाले. "साक्षीला कोण येईल?"

"मी हाय," आई म्हणाली.

"गावातलं आणखी कुणी?"

म्हातारीने मान खाली घातली. गप्प राहा म्हणून दारोदार हात जोडणारी तीच होती. आता बोला म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार? मायलेकी त्या रात्री माझ्याकडे राहिल्या. लेकीच्या मोबाइलवर सासरहून सारखे फोन येत होते, ती बघत होती आणि उचलत नव्हती.

सकाळी आम्ही ठाण्यावर पोचलो तर फाटकाशी किल्लारीकडची जीप उभी होती. मागे आणखी एक. अंगणातली गोष्ट रात्रीतच गावात पोचली होती. उतरणाऱ्या माणसांचा अंत लागेना. गिरणीवरची बाई होती, देवळापाशी भेटलेला पोरगा होता. बाया थेट तिच्याकडे गेल्या आणि तिच्याभोवती उभ्या राहिल्या. टोपीवाले म्हातारे माझ्यासमोर थांबले.

"त्या दिवशी तुमाला एक बोललो, बाई," ते म्हणाले. "आज दुसरं बोलाया आलाव."

आत गेल्यावर हवालदारांनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "हा माणूस गाव सोडून का गेला?" म्हाताऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, दोनदा तोंड उघडून मिटलं, आणि कधीच पाठ न केलेलं उत्तर अडखळत, चुकत सांगायला लागले.