अंगठा ऐकू येईपर्यंत

सुपडूनाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, भर चौकात, हातात कर्णा घेऊन डीजेविरुद्ध बोलत होते. फोन त्यांच्या मुलीचा, जळगावहून. शेवटचे दोन महिने नाना तिच्याकडेच होते. चौकातल्या गोंगाटात मला दोनदा विचारावं लागलं. "नाना गयात, माय… झोपमाच गयात," ती म्हणाली. मी कर्णा शेजारच्याच्या हातात दिला आणि पायरीवर बसले. त्याला आता सहा आठवडे झाले.

स्पष्टच लिहिते. या माणसाची आणि माझी ओळख झाली ती माझ्या खोट्यामुळे. वरातींमधल्या भिंतीएवढ्या डीजेंविरुद्ध आमच्या गटाने पत्रक काढलं होतं. मथळा माझा, 'कानांचे मारेकरी'. खाली सात साऊंडवाल्यांची नावं, त्यात तिसरं नानांचं. पुरावा काय, तर त्यांच्या दुकानात रचलेली स्पीकरची काळी खोकी मी रस्त्यावरून मोजली होती. बारा भरली. आत पाऊल टाकायची गरज मला वाटली नाही. चौथ्या दिवशी नानांचा निरोप आला, की पत्रकवाल्या बाईला म्हणावं, एकदा येऊन जा. मी भांडायच्या तयारीनेच गेले. सत्तरीचा, काटकुळा, बनियनवर बसलेला माणूस. त्यांनी एकेका खोक्याची जाळी काढली. एकात वायरींची भेंडोळी, दुसऱ्यात गाद्या-उशा, तिसऱ्यात वर्षाचा लसूण. भोंगा एकातही नाही. मोठे भोंगे त्यांनी तीन वर्षांपूर्वीच घणाने फोडून भंगारात घातले होते. विकले का नाहीत, असं मी विचारलं. विकले असते तर दुसऱ्याच्या दारात वाजलेच असते ना, म्हणाले…

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "पहिले ऐक, मंग बोल." आणि त्यांनी एक सीडी लावली. एका परदेशी जॅझ गिटारवाल्याच्या लोकप्रिय गाण्यांचा तो संग्रह. पूर्वी एका मारवाडी कापडवाल्या शेठजींनी मुंबईहून टेप आणला, त्याच्याबरोबर ही कॅसेट फुकट आली. शेठजींना ती रुचेना, म्हणून त्यांनी ती नानांना देऊन टाकली. पुढे नानांनी तिची सीडी करून घेतली. चाळीस वर्षं दुरुस्त केलेला प्रत्येक स्पीकर त्यांनी याच गाण्यांवर तपासला. जॅझ म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं. मी मात्र शहाणपणा केला. म्हटलं, हे तर खपावं म्हणून वाजवलेलं बाजारू संगीत आहे. नाना शांतपणे म्हणाले, की लोकांना पाठ असलेलं गाणं वाजवणंच अवघड, त्यात चूक लगेच पकडली जाते. ओळखीच्या माणसांवर काढलेल्या पत्रकाचंही तसंच, असंही म्हणाले.

मग त्यांनी ऐकायचं कसं ते सांगितलं. हा गिटारवाला प्लास्टिकच्या पट्टीने नाही, नुसत्या अंगठ्याने तार छेडतो. आवाज हळूहळू वाढवत न्यायचा; अंगठ्याचं मांस तारेवर घासतं, ते ऐकू आलं की बटण थांबवायचं. त्याच्यापुढे नुसता माज. पण भोंग्यांशेजारी उभं राहून नानांचा उजवा कान गेला होता, डावाही निघाला होता. म्हणून मला म्हणाले, तुला अंगठा ऐकू आला की हात वर कर. मी डोळे मिटले. खालचा आणि वरचा सूर जोडीने चालला होता, दोघांनी एक ओझं उचलून न्यावं तसा… आणि मग तो घासल्याचा आवाज आला. मी हात वर केला. नानांनी बटण सोडलं.

माझ्या पत्रकाने त्यांचं एकच काम गेलं होतं, पण ते त्यांच्या जिवाचं होतं. बावीस वर्षं एका शाळेच्या संमेलनाला त्यांचेच स्पीकर लागायचे. पहिलीतल्या पोरांचं बोबडं बोलणं मागच्या रांगेतल्या आयांपर्यंत नेणं ही त्यांची खरी कमाई. मुख्याध्यापकांनी पत्रक वाचून नकार कळवला. आम्ही दोघं तिथे गेलो. "छापलेलं खोटं कसं असेल?" त्यांनी विचारलं. चौकात कर्ण्यावर बोलणारी मी पुढे होऊन म्हणाले, "छापणारी मीच, सर. मी आत जाऊन पाहिलं नव्हतं." नानांनी सभागृहात सीडी लावली, माझा हात वर गेला, बटण थांबलं. मुख्याध्यापक मागच्या रांगेत बसले होते. मग त्यांनीही हात वर केला.

त्या वर्षीचं संमेलन नानांनीच केलं. दुरुस्तीचं पत्रक मी काढलं, पण आरोप वाचायला गर्दी करणारे लोक दुरुस्तीच्या कागदात भजी बांधतात, याची चीड मला आजही आहे. चहाच्या टपरीवर लोक नानांना हटकायचेच, का नाना, आज कोणाचे कान कापले? नाना कपाला फुंकर घालत म्हणायचे, "बठ्ठासना कापी झायात. आते तुनाच बाकी शेतस." सगळ्यांचे कापून झाले, आता तुझेच तेवढे उरलेत.

परवा त्यांच्या दुकानावरून गेले. शटर बंद होतं. समोरच्या खांबावर आमचं ते जुनं पत्रक अजून होतं, खळ आमचीच, पक्की. सगळंच फाडणार होते… मग नखाने तिसरं नाव तेवढं खरवडून काढलं. बाकीची सहा राहू दिली. ती मी त्याच वर्षी एकेकाच्या दुकानात जाऊन, जाळ्या काढायला लावून तपासली आहेत; सहाही ठिकाणी भोंगेच निघाले.