लाल चिंध्यांची दोरी

फाईलवर लाल पेनाने लिहिलं होतं: नॉन-कम्प्लायंट. म्हणजे औषध दिलं तरी न घेणारा पेशंट. हा शब्द आमच्याकडे फार उपयोगी पडतो. एकदा लिहिला की पुढे कोणालाच काही विचारावं लागत नाही.

फाईल सुमीची होती. वय सात, माडिया, गाव भामरागडच्या पलीकडे. दिवसभर चालायचं, मग एसटी, मग आम्ही. तिला मिरगीचे झटके येत. एकदा झटक्यात ती चुलीवर पडली होती. डाव्या हातावर कोपरापर्यंत त्याची खूण होती. आश्रमशाळेने तिला घरी पाठवलं होतं. झटके थांबले तर दिवाळीनंतर परत घेऊ, असा निरोप होता.

मी इथे बॉण्डवर आहे, म्हणजे सरकारी कॉलेजात शिकल्याबद्दल एक वर्ष सरकारी दवाखान्यात. सर आमचे प्रमुख. त्यांनी फाईल उघडलीसुद्धा नाही.

"दुसरी गोळी जोडा, मॅडम. पहिलीचा उपयोग नाही."

"दुसरीने ती दिवसभर पेंगेल, सर. पहिली नीट घेतलीय का ते बघू?"

"घेत नाहीत हे लोक. झाडफूक करायला पुजाऱ्याकडे जातात. तुम्ही नवीन आहात."

मी नवीन होते, म्हणून बघितलं.

झटक्यांची नोंद ठेवायला आम्ही प्रत्येक घराला एक छापील डायरी देतो. ती इंग्रजीत आहे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मला ती सहज वाचता येते. मला झटके येत नाहीत. सुमीच्या आईने डायरी कोरी, स्वच्छ, पिशवीत गुंडाळून आणली होती.

"किती वेळा झटके आले, विचारा ना," मी शेवंताबाईंना म्हटलं. त्या आमच्या वॉर्डात मदतनीस आहेत आणि त्यांना माडिया येते.

दोघी थोडं बोलल्या. मग आईने पदराची गाठ सोडून एक दोरी काढली, पळसाच्या मुळाची. तिच्यावर गाठीच गाठी. काही गाठींत लाल कापडाची चिंधी अडकवलेली.

"मॅडम, एका दिवसाची एक गाठ," शेवंताबाई म्हणाल्या. "आमच्याकडं पंडुमाचं, म्हंजे सणाचं बलावणं असंच धाडत. रोज एक गाठ सोडाची, सरल्या का सण. हे उलटं करून राह्यली, रोज एक गाठ मारते. पोरगी पडली त्या दिवशी लाल."

मी दोरी टेबलावर पसरली आणि आजच्या गाठीपासून मागे मोजत गेले. शेजारी आमच्या औषधाच्या चिठ्ठ्या ठेवल्या. गोळ्या मिळाल्याच्या दिवसापासून पंधरा गाठी साध्या. नंतर दोन-तीन साध्या. मग लाल, लाल, साधी, लाल, पुढच्या ओपीडीपर्यंत. उपचार सुरू झाल्यापासूनचे चारही महिने तेच.

आमची मिरगीची ओपीडी महिन्यातून एकदा असते. चिठ्ठ्यांवर गोळ्या पंधरा दिवसांच्या होत्या. हे औषध अचानक बंद केलं तर झटके जास्त जोराने येतात. ते दर महिन्याला बंद होत होतं, आणि बंद करणारे आम्ही होतो. पुजाऱ्याचा यात काही हात नव्हता.

मी फार्मसीत गेले.

"भाऊ, हिला पंधराच दिवसांच्या का?"

"अंदरच्या, जंगलातल्या लोकायले पंधराच देतो, मॅडम. जास्त देल्या का हरवून टाकतात."

"कोणी हरवल्या?"

"हरवतील ना."

"आणि मास्तरांच्या मुलाला याच गोळ्या दोन महिन्यांच्या?"

"थे सारखे सारखे येतील का? नोकरीवाला माणूस हाय."

मास्तर इथल्याच शाळेत शिकवतात आणि दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहतात.

मला वाद घालता येत नाही. मी सुमीच्या चिठ्ठीवर 'चार महिने' लिहिलं, कारण पंधरा दिवसांनी पाऊस लागला की त्यांची वाट ऑक्टोबरपर्यंत बंद. ती चिठ्ठी, दोरी आणि मास्तरांच्या मुलाची चिठ्ठी सरांपुढे ओळीने ठेवली.

"दोरी हा पुरावा नाही," सर म्हणाले. "डायरी का नाही भरली?"

"डायरी इंग्रजीत आहे, सर."

"मास्तरांचं वेगळं आहे."

"हो सर. ते तीन मिनिटांवर राहतात."

सरांनी बराच वेळ पेनाचं टोपण शोधलं. मग सही केली. "हरवल्या तर जबाबदारी तुमची."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आई आली, सुमीला घेऊन. दोन गोळ्या उरल्या होत्या, त्या तिने आधी परत केल्या. मग नवी दोरी काढली. चार महिन्यांत एक चिंधी, ताप आला होता त्या दिवसाची. दुसरी गोळी लागलीच नाही. सुमीला परत घ्या, असं मी आश्रमशाळेला पत्र लिहिलं.

सरांना दोरी फार आवडली. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत 'आमच्या दवाखान्याचा अभिनव उपक्रम' म्हणून दाखवायला त्यांनी ती मागितली. इतर अंदरच्या मुलांना अजून पंधराच दिवसांच्या गोळ्या मिळतात; तो उपक्रमाचा भाग नाही. मी दर ओपीडीला त्यांच्या चिठ्ठ्या मास्तरांच्या मुलाच्या चिठ्ठीशेजारी ठेवते. एकेक सही मिळते.

सुमीच्या आईने दोरी दिली नाही. शेवंताबाईंनी मराठीत सांगितलं, "थे म्हंते, उद्याची गाठ कुठी मारू?"

फाईलवरचा लाल शब्द तसाच आहे. मी तो खोडलेला नाही. फक्त आता मला माहीत आहे, तो कोणाबद्दल आहे.